आतला माल काय मागतो

मार्च लागला की वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक वाढते. उकडलेली, वाळवलेली, ड्रममध्ये फिरवून पॉलिश केलेली हळकुंडं पोत्यांतून उतरतात. बीट होतं, काटा होतो, हमाल पोती पाठीवर घेतात आणि ट्रक भरतो. महाराष्ट्रात हळदीखालचं सर्वाधिक क्षेत्र वसमतच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. 2024 मध्ये ‘वसमत हळद’ हे नाव भौगोलिक मानांकनाच्या यादीतही आलं. तरीही पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानात वसमतचं नाव छापलेली पुडी शोधावी लागते, कारण माल इथून पोत्यातून जातो आणि पुडी भरली जाते दुसऱ्याच गावी. पुडीवर नाव कुणाचं लागणार, हे पुडी भरणाराच ठरवतो.

हे आता बदलू लागलं आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, एखाद्या घरातली नव्यानं शेतीत उतरलेली पिढी हळद दळून स्वतःच्या नावानं विकायला निघाली आहे. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रांसाठी खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं. गट एकत्र आले तर ब्रँड आणि बाजारपेठेसाठीही वेगळी मदत आहे. त्यामुळे चक्की येते, सीलिंगचं यंत्र येतं. मग सगळे जातात ते थेट छपाईवाल्याकडे. नाव काय ठेवायचं, पिवळा रंग किती गडद, चित्रात हळकुंड की हळदीचं पान, यावर बैठका होतात. मला विचाराल तर छपाईवाल्याकडे सगळ्यात शेवटी जावं. आधी हळदीजवळ बसावं आणि तिचं म्हणणं ऐकावं. तिला कशानं त्रास होतो, तिच्यातून काय निघून जातं, तिच्यात बाहेरून काय शिरतं, एवढं कळलं की वेष्टनाचं निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं.

नैसर्गिक मालाच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. कारखान्यात बनलेल्या कित्येक वस्तूंमध्ये टिकवणारी रसायनं मिसळलेली असतात, माल स्वतःची थोडीबहुत काळजी घेतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक, कुठलंही रसायन नाही’ असं आपण अभिमानानं छापतो, तेव्हा ते राखणीचं काम मालाकडून काढून घेऊन वेष्टनाच्या अंगावर टाकलेलं असतं. मग ते वेष्टन तेवढ्या ताकदीचं हवं.

हळदीपासून सुरुवात करू. हळकुंड उकडलं की आतला पिठूळ भाग शिजून एकजीव होतो, आणि वाळल्यावर ते टणक, वाजणारं बनतं. या रूपात हळद चांगली टिकते. हळकुंडाची साल आणि टणकपणा हेच तिचं पहिलं वेष्टन. पोत्यात हवा खेळते, राहिलेला ओलावा उडून जातो, आणि म्हणूनच अख्ख्या हळदीला तागाचं पोतं चालतं. पोत्यातून एकच शत्रू आत येतो, तो म्हणजे कीड. लॅसिओडर्मा जातीचे तपकिरी, बारीक भुंगेरे हळकुंडात बारीक भोकं पाडतात आणि पोत्याच्या तळाशी पिवळा भुसा साठू लागतो.

त्या किडीवर आपल्याच राज्यात एक अप्रतिम उपाय शोधला गेला होता, आणि वेष्टनाच्या कुठल्याही पुस्तकात त्याला मानाचं पान मिळायला हवं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत हळद साठवण्यासाठी पेवं खणली जात. तोंड अरुंद, आत मोठं पोट. आतून पाला आणि चटया लावायच्या, हळद ओतायची, वरून तोंड मातीनं बंद करायचं. पेवातला थोडाफार ऑक्सिजन संपला की कीड तिथं जगूच शकत नाही. तिथल्या मातीत पाणी झिरपत नसल्यामुळे हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. काही काळ तोंड उघडं ठेवून मग कंदील खाली सोडत. कंदील तेवत राहिला तरच माणूस आत जायचा, कारण ज्या हवेत कीड मरते त्याच हवेत माणूसही मरतो. 2005 च्या महापुरात यातल्या कित्येक पेवांत पाणी शिरलं आणि पुढे ती वापरातून जात राहिली. गोदामं आली, शीतगृहं आली.

पण पेवामागचं तत्त्व मात्र जगभर पुन्हा नव्यानं सापडलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांची चवळी किडीपासून वाचवण्याच्या मागे होते. त्यांनी तीनपदरी पिशवी केली, आत पॉलिथिनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं. तोंड घट्ट बांधलं की किडे आतला ऑक्सिजन संपवतात आणि मग तेच गुदमरतात, औषध मारावंच लागत नाही. आफ्रिकेतले लाखो शेतकरी आज अशा पिशव्या वापरतात. हरिपूरच्या व्यापाऱ्यांनी हेच काम मातीकडून करून घेतलं होतं. आज वसमतच्या शेतकऱ्याला भाव येईपर्यंत हळद राखायची असेल, तर हवाबंद पोतं हा विचार त्याला परका वाटायचं काहीच कारण नाही.

खरी अडचण दळल्यावर सुरू होते. हळकुंडाची पूड झाली की साल गेली, टणकपणा गेला, आणि एका तुकड्याचे लाखो कण होऊन प्रत्येक कण चहूबाजूंनी उघडा पडला. आता हळदीचे शत्रू चार आहेत आणि सगळ्यांशी एकदम झुंजायचं आहे.

पहिला प्रकाश. हळदीला रंग देणारं कर्क्युमिन उजेडात विघटित होत जातं. पारदर्शक पिशवीतली हळद दुकानाच्या पुढच्या फळीवर ठेवली की तिचा रंग हळूहळू फिकट होतो. दिवसभर ऊन येणाऱ्या दुकानात तर फारच लवकर. इथं निसर्गाची एक गंमत कामी येते. हळद पिवळी दिसते, कारण तिचं कर्क्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं, आणि तिला सर्वाधिक नुकसान पोहोचतं ते त्याच प्रकाशानं. म्हणजे जांभळा-निळा प्रकाश अडवणारं, पिवळट-तपकिरी पारदर्शक वेष्टन वापरलं तर गिऱ्हाइकाला आतला माल दिसतो आणि हळदही वाचते. औषधांच्या तपकिरी बाटल्यांमागचा हिशेब हाच आहे. मला स्वतःला मात्र हळदीसाठी ही युक्ती पटत नाही. पिवळ्या काचेतून कोणतीही हळद पिवळीधमक दिसते, चांगलीही आणि वाईटही. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पारखायचं असेल तर त्याला खरा रंग दिसला पाहिजे. त्यापेक्षा पुडी पूर्ण अपारदर्शक ठेवावी आणि दुकानदाराकडे उघडी करून दाखवायला एक नमुन्याची बरणी द्यावी.

दुसरा ओलावा. मराठवाड्यात मे महिना हाडं सुकवणारा कोरडा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. एकाच पुडीला हे दोन्ही काळ सोसायचे असतात. अन्नसुरक्षा नियमांनुसार दळलेल्या हळदीत 10 टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही, आणि कर्क्युमिनॉइड किमान 2 टक्के असावे लागतात. पण भरताना 9 टक्के असलेली हळद पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेतून पाणी ओढत गेली तर गाठी धरते आणि बुरशीला जागा मिळते. त्यात भर म्हणजे चक्कीतून निघालेली पूड गरम असते. ती तशीच भरून सील केली की वाफ आत अडकते आणि थंड झाल्यावर पुडीच्या आतल्या अंगाला बारीक दव जमतं. त्यामुळे दळण पसरून पूर्ण गार होऊ द्यावं, मगच भरावं. इथं घाई केली तर पुढचं महागातलं वेष्टनही काही करू शकत नाही.

तिसरा शत्रू म्हणजे हळदीतून निघून जाणारं तिचं स्वतःचं तेल. हळद कुटताना येतो तो उग्र, मातकट, गोडसर वास या उडणाऱ्या तेलाचा आहे. ते साध्या पॉलिथिनमधून हळूहळू बाहेर झिरपतं. साध्या पातळ पिशवीत भरलेल्या हळदीच्या गठ्ठ्याजवळ उभं राहिलं की पिशव्या बंद असूनही वास येतो. तो येतो म्हणजे तेवढा वास आत कमी झालेला असतो. चौथी कीड, तिचं वर सांगून झालं. ती नरम, पातळ प्लास्टिकला चक्क भोक पाडून आत शिरते.

हे चौघेही एकट्या कुठल्याही साहित्यानं अडत नाहीत, म्हणून चांगल्या पुडीला पदर असतात. बाहेरचा पदर बहुधा पॉलिस्टरचा. तो वास आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी रोखतो आणि छपाई सुरेख घेतो, पण त्याला उष्णतेनं नीट सील करता येत नाही. म्हणून आतला पदर पॉलिथिनचा, जो वाफ अडवतो आणि वितळून चिकटतो. मध्ये ॲल्युमिनियम असेल तर उजेड जवळजवळ शून्य. ते ॲल्युमिनियम दोन प्रकारे येतं. एक म्हणजे खरी पातळ पन्नी, आणि दुसरं म्हणजे प्लास्टिकवर वाफेच्या रूपात बसवलेला चंदेरी थर, जो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी पातळ असतो. दुसरा स्वस्त पडतो, आणि लहान उद्योगांना तोच परवडतो. पण हा थर पुन्हा पुन्हा दुमडला की त्याला भेगा जातात. म्हणून चंदेरी पुडी कधीही घडी घालून, कोंबून पेटीत भरू नये. पुड्या उभ्या, ओळीनं बसतील अशा मापाचा खोका घ्यावा.

एवढी तयारी करून पुडी फसते ती वीतभर लांबीच्या एका रेषेवर, सीलवर. हळदीची पूड फार बारीक असते आणि प्लास्टिकला लागताना स्थिर विजेनं उडून तोंडाच्या आतल्या बाजूला चिकटते. यंत्राचा गरम दांडा त्यावर दाबला गेला की प्लास्टिक प्लास्टिकला चिकटण्याऐवजी हळदीला चिकटतं. वरून सील अगदी नीट दिसतं. पण उकलून पाहिलं की त्या पट्टीत पिवळे बारीक ठिपके आणि त्यांच्या बाजूनं जाणाऱ्या वाटा दिसतात. त्याच वाटांनी हवा आत जाते आणि वास बाहेर येतो. उपाय साधे आहेत. भरताना नरसाळ्याचं तोंड सीलच्या रेषेच्या खाली उतरेल इतकं लांब ठेवायचं, पिशवी थोडी मोठी घ्यायची म्हणजे सीलची जागा मालापासून दूर राहते, आणि सील करण्याआधी तोंड कोरड्या फडक्यानं पुसायचं. झिप लावलेल्या पिशव्यांचंही असंच. पहिल्या आठवड्यात झिपच्या खाचेत हळद बसते आणि मग ती नुसती बंद झाल्यासारखी वाटते.

घरात काय होतं हेही पाहायला हवं. आपल्याकडे हळद पुडीतून थेट वापरली जात नाही. पुडी फुटते, वाटीभर हळद मिसळणाच्या डब्यात जाते, आणि उरलेली पुडी तोंड मुरडून, रबर लावून फळीवर राहते. म्हणजे अर्धा किलोची सुंदर पुडी निम्मं आयुष्य उघडीच काढते. शहरातल्या चार माणसांच्या घरासाठी मला 100 ग्रॅमची पुडी योग्य वाटते. एका बैठकीत डब्यात रिकामी होते, झिपची भानगड नाही. प्लास्टिक थोडं जास्त लागतं, हे खरं. पदरांच्या पुड्यांचा पुनर्वापर अवघड असतो, तेही खरं. पण शिळी झालेली हळद फेकली जाते तेव्हा तिच्यासाठी आठ-नऊ महिने दिलेलं पाणी, खणणी, उकडणं, वाळवणं, सगळंच फेकलं जातं. माल वाया जाऊ न देणं हे वेष्टनाचं पहिलं काम.

आता दुसऱ्याच टोकाचा एक माल घेऊ, म्हणजे हाच विचार किती दूरपर्यंत चालतो ते कळेल. नैसर्गिक घटकांचं गाडीचं मेण, ज्याला बाजारात कार वॅक्स म्हणतात. छोट्या उद्योगांना करता येईल असा हा माल आहे. मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण, जवसाचं किंवा खोबरेल तेल आणि पातळ करायला टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या सालीचं तेल, असा त्याचा सर्वसाधारण ऐवज. कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. तिथल्या कोरड्या उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच ते पानांवर चढवतं. पानाचं वेष्टन काढून आपण ते गाडीला घालतो.

हळदीला उजेड छळतो, मेणाला ऊन. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळतं, कार्नोबा 82 ते 86 अंशांना. आकडे ऐकायला सुरक्षित वाटतात. पण तेल मिसळलं की मिश्रण त्याच्या बरंच आधी नरम पडतं, आणि खोबरेल तर पंचविशीच्या आसपासच पातळ होतं. हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड साठीच्या पुढे तापतो, आणि कार वॅक्सचा डबा नेमका गाडीतच ठेवला जातो. मेण पातळ होऊन डबा आडवा झाला की ते झाकणाच्या फटीतून बाहेर येतं. म्हणून इथं झाकण पेचाचं हवं आणि झाकणाच्या आत तेल-टर्पेंटाइनला दाद न देणारी चकती हवी. नुसतं दाबून बसवायचं झाकण थंड हवेच्या गावी चालेल, मराठवाड्यात नाही.

डबा कशाचा, हे ठरतं भरताना. मेण पातळ करून सत्तर-ऐंशी अंशांना ओततात. पाण्याच्या बाटल्यांचं पेट प्लास्टिक सत्तरच्या आसपासच नरम पडतं, बरणी वाकडी होते. पॉलिस्टायरीनचं चकचकीत डबडं तर संत्र्याच्या सालीच्या तेलानं विरघळूच लागतं. उरतात ते पत्रा, ॲल्युमिनियम आणि काच. मी पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, बसका, रुंद तोंडाचा गोल डबा घेईन. मेण हाताच्या फडक्यानं किंवा स्पंजानं घ्यायचं असतं, स्पंज सपाट टेकला पाहिजे. उंच बरणीत तळातलं मेण बोटांनी उकरावं लागतं.

ओतल्यावरचीही एक गोष्ट डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. कडेचं मेण आधी गोठतं, मधलं नंतर. गोठताना मेण आकसतं आणि मधोमध खळगा पडतो, कधी खोल भोक पडतं. घाईनं थंड केलं तर भेगाही जातात. म्हणून डबा थोडा रिकामा ठेवून सावकाश गार होऊ द्यायचा आणि वरून थोडं मेण पुन्हा ओतून पातळी सारखी करायची. गरम असतानाच झाकण आवळलं तर वाफ झाकणाला जमून थेंब परत मेणावर पडतात आणि पृष्ठभागावर डाग उमटतात.

या मेणात पाणी नसेल तर बुरशीची भीती जवळजवळ नाही. पण वनस्पती तेल हवेनं खवट होतं, आणि टर्पेंटाइन उडून गेलं तर मेण आकसून डब्याच्या कडेपासून सुटतं, लावता येत नाही. म्हणजे पुन्हा तेच दोन प्रश्न, आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. लेबलचं मात्र वेगळं. कागदाचं लेबल तेलकट हातांनी दोन वापरांत काळं पडतं, अक्षरं पुसतात. पत्र्यावर थेट छपाई किंवा प्लास्टिकच्या फिल्मचं लेबल हवं. त्यावर ज्वलनशील असल्याची सूचना ठळक असावी. टर्पेंटाइन पेट घेतं, आणि घरात लहान मुलं असतात.

लेबलाचा विषय निघाला म्हणून हळदीकडे परत येतो. वजनमापे कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार पुडीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, मालाचं सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे लागतंच. हळद खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि हिरवा ठिपकाही. एवढ्यातच पुढची बाजू भरून जाते. जागा उरते थोडी, आणि ती कशाला द्यायची हा खरा निर्णय. मी म्हणेन, गावाला द्या. भौगोलिक मानांकनाचं बोधचिन्ह फक्त नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच छापता येतं. ती नोंदणी शेतकऱ्यांनी आपापल्या नावानं करून घ्यावी. चिन्हाशेजारी काढणीचा महिना छापावा. दळल्याची तारीख सगळेच देतात, काढणीची सहसा कुणी देत नाही. हळकुंड वर्षभर पोत्यात राहून मग दळलेलं असेल तर गिऱ्हाइकाला ते कळायला हवं. ज्याचं शेत आहे, ज्याची चक्की आहे, त्याला ही तारीख खरी सांगता येते, बाहेरच्या पुडीवाल्याला नाही.

छपाईचा खर्च मोठा असतो. ग्रॅव्हिअर छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि फिल्म मोठ्या प्रमाणात घ्यावी लागते. सुरुवातीच्या गटांनी कोरी चंदेरी पुडी घेऊन तिच्यावर चांगलं स्टिकर लावावं. पैसे वाचले तर ते पदरांत आणि सीलिंगच्या यंत्रात घालावे.

आणि मोठी ऑर्डर देण्याआधी घरीच काही चाचण्या कराव्यात. दहा-वीस पुड्या भरून एकेक पाण्यात बुडवून हातानं दाबा. बुडबुडे आले की सील फुटकं. काही पुड्या पत्र्याच्या शेडमध्ये, काही खिडकीत, काही कपाटात ठेवा आणि दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करा. वजन वाढलं तर ओल शिरली, घटलं तर आतलं बाहेर गेलं. महिन्या-दोन महिन्यांनी खिडकीतली आणि कपाटातली चिमूटभर हळद वेगवेगळ्या बाटलीत सारख्याच स्पिरिटमध्ये ढवळून पांढऱ्या कागदासमोर धरा. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. रंगातला फरक नजरेला दिसतो. मेणाचा डबा भर उन्हात पत्र्यावर आडवा ठेवून संध्याकाळी झाकणाची कड पांढऱ्या कागदानं पुसा, तेलाचा डाग आला तर झाकण बदला. हे सगळं एका उन्हाळ्यात आणि एका पावसाळ्यात पाहून घेतलं की मग छपाईवाल्याचा नंबर लावायला हरकत नाही.